लिथियम आधी की डेक आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागावून लिहिलेली असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो. बाकीच्यांना संदर्भ हवा म्हणून थोडक्यात: तुमची बोट १९७९ची कॅटालिना ३० (फायबरग्लासची शिडाची बोट), मुक्काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात, नुकतीच विकत घेतलेली. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पहिल्या वर्षीचा पैसा डेक, चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बोटीला जखडणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या) आणि तळातल्या व्हॉल्व्हवर घाला, लिथियम बॅटऱ्यांचं पुढच्या वर्षी बघू. तुम्ही म्हणता हे घाबरवणं आहे. डेकच्या मऊ भागात ड्रिल मारून इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारा राळेसारखा डिंक) भरली की शनिवार-रविवारात काम फत्ते, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा दहा वर्षांनी बदलायचा नियम विमा कंपन्यांचा, लिथियम तर नुसती जुनी बॅटरी काढून नवी ठेवायची. आणि शेवटचा टोला: ‘आपल्या मुंबईत बांधलेली सुहेली यातलं काहीही न करता जगाला वळसा घालून आली.’

तारांबद्दल तुमचं बरोबर आहे, माझं वाक्य ढिलं होतं. दहा वर्षं हा आकडा धातूपेक्षा विम्याच्या कागदावरचा जास्त. चेसापीकचं पाणी उष्ण समुद्राइतकं खारट नाही, तिथे तारा जास्त टिकतात. पण तुमच्याकडे त्या कधी बदलल्या याची नोंदच नाही, म्हणून वयाचा वाद सोडा आणि खालची टोकं बघा. पाणी तारेवरून ओघळत खालच्या दाबलेल्या टर्मिनलमध्ये उतरतं आणि तिथेच मुरतं. दहापट भिंगातून टर्मिनलवर उभी केसासारखी रेघ दिसली, किंवा तारेवरून कापूस फिरवताना १९ पेडांतला एक जरी तुटका पेड त्याला अडकला, तर ती तार आणि पलीकडच्या बाजूची तिची जोडीदार, दोन्ही काढा. एवढंच.

आता सुहेली. ती ३२ फुटी, सागवानी, फळ्यांची बोट. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून ३१२ दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले. ‘काहीही न करता’ मात्र नव्हे. सफरीच्या सुरुवातीलाच तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा भर समुद्रात बुडी मारून त्यांनी फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. फळीची बोट गळते तेव्हा ती गळताना दिसते, आणि जिथे गळते तिथे हात घालता येतो. तुमच्या बोटीचं डेक हे सँडविच आहे. वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर, मध्ये प्लायवूड. पाणी आत शिरलं की ते प्लायच्या रेषांमधून चालत जातं आणि वरून काही दिसत नाही. तुलना करायचीच तर इथे जुळत नाही.

ड्रिल मारून इपॉक्सी भरण्याची युक्ती एकाच ठिकाणी खरी आहे: थर सुटलेत पण आतलं लाकूड कोरडं आहे. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. ती भोकाभोवती डबकं करून कडक होते, पुढे जात नाही, आणि मधलं पाणी आता बाहेर यायची वाट बंद होऊन बसतं. तुमच्याकडे थंडीत ते गोठतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणजे दर हिवाळ्यात थर थोडे आणखी सुटतात. डेक पहिल्या उन्हाळ्यात कडक वाटतं, तिसऱ्यात पुन्हा दबतं, आणि तेव्हा पन्नास भोकांतली इपॉक्सी खरवडून मग मूळ काम करावं लागतं.

मूळ काम असं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दर दोन इंचांवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजक्या जागी भद्द. खडूने हद्द आखा. कापायची रेघ मात्र खरखरीत नक्षीच्या पट्ट्यातच ठेवा, गुळगुळीत कडेपासून दीड-दोन इंच आत, नाहीतर नंतर रंग जुळवताना रडकुंडीला याल. करवतीची खोली फक्त वरच्या थराएवढी, ३ ते ४ मिलिमीटर. वरचा थर उचलून बाजूला ठेवा, कुजकं प्लाय छिन्नीने कोरड्या, फिक्या लाकडापर्यंत खरवडा. काळं लाकूड दिसतंय तोवर थांबायचं नाही, मग हद्द खडूच्या बाहेर गेली तरी चालेल. खालचा थर घासून ॲसिटोनने पुसा. आधी पातळ इपॉक्सीचा हात दोन्ही बाजूंना, ती चिकट असतानाच सिलिका घातलेली, श्रीखंडाइतकी घट्ट इपॉक्सी पसरा आणि तेवढ्याच जाडीचं नवं गाभ्याचं लाकूड त्यात बसवा. लाकडाला आधीच ३ मिलिमीटरची भोकं पाडलेली असू द्या. वजन ठेवल्यावर त्यांतून इपॉक्सी वर आली तरच खाली हवा अडकलेली नाही हे कळतं. जुना थर परत चिकटवून सांध्याच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारापट रुंद उतार घासा. ४ मिलिमीटरच्या थराला साधारण दोन इंच झाले. मग त्यावर काचेच्या कापडाचे थर. डब्यात एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त इपॉक्सी कालवू नका, तापून धूर येतो. रंगाआधी पृष्ठभाग पाण्याने घासून धुवा, नाहीतर वर साचलेल्या मेणचट साईवर रंग धरणार नाही. आणि रात्रीचं तापमान १० अंशांखाली जाऊ लागलं की हे काम पुढच्या वसंतावर ढकला.

चेनप्लेटचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे, म्हणून दोन्ही एकत्र लिहिले होते. स्टेनलेस स्टीलचं संरक्षण म्हणजे क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय. ती टिकायला प्राणवायू लागतो. डेकच्या फटीत ओलं प्लाय, मीठ आणि साचलेलं पाणी असतं, हवा नसते. तिथे साय मोडते आणि पट्टीला बारीक खड्डे पडतात. डेकच्या वर चकचकीत, खाली केबिनमध्येही चकचकीत, आणि मधल्या अर्ध्या इंचात पोखरलेली. डोलकाठीचा भार नेमका त्याच अर्ध्या इंचातून जातो. म्हणून बाहेरून बघून ‘छान आहे’ म्हणण्याला अर्थ नाही, ती उपसूनच बघावी लागते. एका वेळी एकच, आणि त्या बाजूला आधी हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) ताणून डोलकाठीला आधार देऊन. लाल रंगाने भेगा शोधायच्या तपासणीचा तीन डब्यांचा संच मिळतो. साफ करा, लाल फवारा, पंधरा मिनिटं थांबा, क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा (थेट पट्टीवर मारलात तर भेगेतलाही धुऊन जातो), मग पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की पट्टी बाद. घासून परत बसवू नका, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या जाड पट्टीतून नवी करून घ्या.

पट्टी बाहेर आहे तोवर फटीच्या चहूबाजूंनी पाऊण इंच प्लाय कोरून काढा आणि ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरून टाका. सुकल्यावर त्यातूनच नवी फट कापा. सीलंट कधीतरी गळणारच, पण मग पाण्याला इपॉक्सी लागेल, लाकूड नाही. सीलंट म्हणून ब्युटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड. कायमचं चिकटणारं पॉलीयुरेथेन नको, पुढच्या वेळी पट्टीबरोबर डेकचा टवकाही निघेल. सिलिकॉन तर अजिबात नको.

व्हॉल्व्हबद्दल तुम्ही ‘गळत नाहीत ना, मग झालं’ असं लिहिलंय. चाकूने पितळ खरवडा. आत पिवळं दिसलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर जस्त निघून गेलंय आणि उरलाय तो तांब्याचा स्पंज. तो गळत नाही, एके दिवशी होसच्या धक्क्याने तुटतो. पाण्याखाली दोन फुटांवरच्या दीड इंची भोकातून मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येतं. ताशी २००० गॅलनचा बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) डब्यावरच्या आकड्यानेही मिनिटाला १२६ लिटरच काढतो, होसची चढण धरली तर बरंच कमी. ब्राँझ घ्या, आणि स्किन फिटिंगचे (बोटीच्या तळाच्या भोकात बसवलेल्या नळीचे) सरळ आटे निमुळत्या आट्यांच्या बॉल व्हॉल्व्हवर चढवू नका, दोन-तीन वेढ्यांवर सगळं लोंबकळत राहतं.

लिथियमला माझा विरोध नाही, ‘नुसती ठेवायची’ याला आहे. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच प्रवाह कमी ओढते. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. तुमच्या काळातल्या इंजिनावरचा ३५ ते ५५ अँपिअरचा अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर तासभर पूर्ण क्षमतेने चालायला केलेलाच नाही. पंखा हळू, उष्णता जास्त, गुंडाळी जळते. त्यात बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने मध्येच जोडणी तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडतात. म्हणून इंजिनची शिशाची बॅटरी तशीच ठेवा, अल्टरनेटर तिलाच जोडा, आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरा. अल्टरनेटर ५५चा असेल तर ३० अँपिअरचा चार्जर, ३५चा असेल तर १८चा. वायर १६ चौरस मिलिमीटर. धन टोकापासून वीतभर अंतरात क्लास-टी फ्यूज, कारण शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो अँपिअर सोडते आणि साधा फ्यूज वितळूनही ठिणगी चालू ठेवू शकतो. शून्य अंशाखाली चार्जिंग बंद. हे सगळं धरून हिशेब करा, मग तुम्ही लिहिलेली ‘एका बॅटरीची किंमत’ राहत नाही.

तुमचा फ्रिज आणि दिवे मिळून दिवसाला ८० अँपिअर-तास लागतात असं तुम्हीच लिहिलंय. एवढं तर २०० अँपिअर-तासांची शिशाच्या बॅटऱ्यांची बँक आणि दोन-तीनशे वॅटचं सोलर उन्हाळाभर ओढून नेतं. घाई कसली?

नोव्हेंबरात बोट वर काढाल तेव्हा डाव्या-उजव्या वरच्या श्राउडच्या (डोलकाठीच्या बाजूच्या तारांच्या) चेनप्लेट उपसून बघा. एखादी तांबूस-काळपट निघाली तर डेकच्या पातळीवरच्या पट्ट्याचा जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि इथेच टाका.