विचारलं की अँटिक

जुन्या वस्तूंच्या बाजाराला एकच नियम आहे. वस्तू कोपऱ्यात पडून असते तोवर ती भंगार. तुम्ही "ही केवढ्याला?" असं विचारलंत की त्याच क्षणी ती अँटिक होते, आणि तिच्या मालकाला एकदम आठवतं की ही आपल्या आजोबांनी विलायतेहून आणली होती.

मला हवी होती एक जुनी रेसिंग सायकल. वाकड्या हँडलची, सडपातळ पोलादी नळ्यांची, सत्तर-ऐंशीच्या दशकातली. बजेट ६००० रुपये. यातला एकेक शब्द सुटा घेतला तर अगदी वाजवी आहे. सगळे एका वाक्यात आले की समोरचा माणूस आपल्याला पाणी विचारतो. नवी घ्यावी म्हणून दुकानात गेलो, तर तिथे कार्बनच्या सायकलीचा जो आकडा ऐकला, तेवढ्या पैशांत माझ्या वडिलांनी कोथरूडला फ्लॅट बुक केला होता. बायको म्हणाली, "जुनंच हवं असेल तर आपल्या गॅलरीतलं घे की, फुकट आहे."

खरं तर हे खूळ डोक्यात शिरलं ते कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय पाहिल्यावर. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. ती पाहून बाहेर पडलेला माणूस रस्त्यावरच्या सायकलींकडे पूर्वीच्या नजरेने बघू शकत नाही. प्रत्येक दूधवाल्याच्या चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलच्या दातेरी चाकात, मी रॅले या इंग्लिश कंपनीची खूण असलेल्या बगळ्यांच्या माना शोधू लागलो. दूधवाले सावध झाले.

पुणे हे सायकलींचं शहर, त्यामुळे इथे ढिगाने मिळतील असं कुणालाही वाटेल. मिळतातही, पण सगळ्या काळ्या, दांड्यांच्या ब्रेकच्या, वीस-बावीस किलोच्या. पुणेकर सायकलवर बसायचा तो ऑफिसला, मंडईत किंवा शिकवणीला जायला. वाकून, नाक पुढच्या चाकाला लावून कुठेतरी लवकर पोहोचण्याची त्याला कधी गरजच वाटली नाही. इंटरनेटवरच्या जाहिरातींत "व्हिंटेज रोड बाइक" म्हणून जे काही होतं, त्यातल्या निम्म्यांना दुधाचे कॅन अडकवायचे हूक होते.

या जाहिरातींची भाषा हळूहळू कळायला लागते. "थोडं काम आहे" म्हणजे चाकं नाहीत. "फक्त हवा भरायची आहे" म्हणजे हवा सोडून ट्यूब, टायर, रिम सगळंच भरायचं आहे. फोटोत अर्धी सायकल वॉशिंग मशीनच्या मागे असते आणि नेमकी तीच अर्धी महत्त्वाची. एकाला विचारलं, "फ्रेम किती इंची?" उत्तर आलं, "दोन चाकी." दुसऱ्याला विचारलं, कुठल्या सालची? "खूप जुनी आहे साहेब, गंजसुद्धा ओरिजिनल आहे." तिसरा २५,००० वर अडून होता, कारण सायकल "डायरेक्ट इंग्लंडची". पुढच्या बिल्ल्यावर सेन-रॅले असं स्वच्छ लिहिलेलं. मी म्हटलं, अहो, ही आसनसोलची, हा कारखानाच स्वातंत्र्यानंतर निघालाय. तर म्हणाला, "पण इंग्रज लगेच थोडेच गेले असतील सगळे!" या इतिहासापुढे काय बोलणार?

मग जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो, हे पुण्यात सांगावं लागत नाही. तिथे मी पूर्ण तयारीनिशी गेलो. खिशात लोहचुंबक, व्हर्नियर कॅलिपर आणि दोऱ्याचं रीळ. लोहचुंबक रिमसाठी: चिकटलं तर लोखंडी, नाही तर अॅल्युमिनियम. व्हर्नियर सीटच्या दांड्याची जाडी मोजायला. रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीच्या ५३१ नावाच्या पोलादी नळ्या १९३५ साली आल्या आणि पुढची कित्येक वर्षं चांगल्या रेसिंग सायकली त्यांच्याच बनत. अशा फ्रेममध्ये सीटचा दांडा बहुतेक २७.२ मिलिमीटरचा बसतो, कारण नळीची भिंत पातळ. स्टिकर उडून गेलं असलं तरी दांडा खोटं बोलत नाही. आणि दोरा फ्रेम वाकडी आहे का ते पाहायला: मागच्या चाकाच्या खाचेपासून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरतंय का ते मोजायचं. माणसांनी भरलेल्या रस्त्यात, एका गंजक्या सांगाड्याभोवती दोरा ताणून, एक डोळा मिटून उकिडवा बसलेला इसम पाहिल्यावर गर्दी जमतेच. एकाने विचारलं, "वास्तुशास्त्र का?" दुसऱ्याने त्याला हळूच सांगितलं की महापालिकेचा माणूस आहे, आणि शेजारच्या दोन पथाऱ्या आवरल्या गेल्या.

विक्रेता मात्र हे सगळं शांतपणे बघत होता. मी येण्याआधी त्याने कुणाला तरी ८०० सांगितले होते, मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. व्हर्नियर बाहेर निघाल्यावर त्याने ४००० सांगितले. हे तंत्र मला महागात पडणार हे तिथेच उघड होतं. त्या फ्रेमची खालची नळी हँडलपाशी फुगली होती आणि तिथे रंगाला सुरकुत्या होत्या, म्हणजे कधीतरी समोरून धडक बसलेली. ते दाखवलं, तर तो म्हणाला, "तेवढी डिझाईन आहे."

अशा सायकली जाहिरातीत येत नाहीत आणि बाजारातही येत नाहीत. त्या कुणाच्या तरी ओळखीच्यांच्या शेजाऱ्यांच्या जिन्याखाली असतात. माझी अशीच निघाली. सदाशिव पेठेतला वाडा, मित्राच्या मामांचे शेजारी, वय पंच्याहत्तरच्या पुढे. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. एक तर दृष्ट लागते, आणि दुसरं म्हणजे त्या जिन्याखाली अजून माल आहे.

"विकायची आहे असं कोण म्हणालं?" काकांनी दारातच विचारलं.

"तुमच्या पुतण्याने."

"त्याला काय कळतंय? बसा."

मग सायकल राहिली बाजूला आणि मुलाखत सुरू झाली. वजन किती? सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. कात्रजचा घाट चढलायत? म्हटलं, हो, गाडीने. मग हिचं काय करणार? म्हटलं, चालवणार. कुठे? युनिव्हर्सिटीपर्यंत. "त्या रस्त्याने?" हा प्रश्न त्यांनी अशा आवाजात विचारला की मला वाटलं, मी मुलगी मागायला आलोय आणि नोकरी नसल्याचं आत्ताच कबूल केलंय. ते स्वतः मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. खोपोलीपर्यंत पुढच्या घोळक्यात होते. "मग?" मी उत्सुकतेने विचारलं. "मग बोरघाट लागला," काका म्हणाले, आणि तो विषय संपला.

सायकलीवर आधी पोतं, त्याखाली चादर, त्याखाली काकूंचं जुनं नऊवारी. ते काढलं आणि मी गप्प झालो. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची फ्रेम, नळ्या जिथे जुळतात त्या लगवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, काही ठिकाणी ओढणाऱ्याचा हात किंचित हललेला. गिअरचे दोन छोटे खटके खालच्या नळीवर. ब्रेकच्या मुठींचं रबर वितळून गुळाच्या पाकासारखं झालेलं. आणि हँडलला तारेने बांधलेला जुना सायकल-कराचा पितळी बिल्ला, आकडे घासून गेलेले. मी नकळत व्हर्नियर काढला.

काकू आतून म्हणाल्या, "अहो, देऊन टाका. परवा भंगारवाला ४०० म्हणत होता, तेव्हा नाही म्हणालात. जिना तरी मोकळा होईल."

"तो भंगारवाला होता," काका म्हणाले. "हे जाणकार आहेत. साडेआठ हजार."

त्या 'जाणकार'ची घासाघीस तासभर चालली. काका किमतीत उतरले की अटीत चढत. ७५०० ला आले तेव्हा रंग काढायचा नाही. ७००० ला पावसात न्यायची नाही. शेवटी ६००० ला सौदा ठरला आणि शेवटची अट आली: डबलसीट कुणाला घ्यायचं नाही.

"काका, हिला कॅरिअरच नाहीये."

"म्हणूनच सांगतोय. लोक दांडीवर घेतात."

सायकल घरी आली आणि खरा खर्च सुरू झाला. आमच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री पहिल्यांदा खूष होता. पायडलची कॉटर पिन त्याच्याकडे चहाच्या पैशांत निघाली. चाकांचा आउट, म्हणजे डगडग, काढून झाला, छर्रे बदलले, ग्रीस भरलं. मग टायरची वेळ आली. सायकलींच्या जगात इंच नावाच्या मापाचा इंचाशी काही संबंध नाही, हे ज्याला पटेल त्यानेच या भानगडीत पडावं. काळ्या सायकलीचा टायर २८ बाय दीड. तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर. माझ्या सायकलीचा २७ बाय सव्वा, तिचा ६३०. म्हणजे एका इंचाचा फरक पाच मिलिमीटरमध्ये मावतो. हल्लीच्या रोड बाइकचा ७०० सी, तिची रिम ६२२, म्हणजे दोन्हींपेक्षा लहान. आणि २६ इंच तर निदान दोन प्रकारचे, एक ५९० चा, एक ५५९ चा, आणि दुकानदार दोन्ही एकाच खुंटीवर अडकवतो. "२७ येत नाही आता," तो म्हणाला. "२८ न्या. सैल झाला तर झाला, माणूस वाढतोच की." मी ६३० हा आकडा कागदावर लिहून दिला. त्याने कागद उलटा करून पाहिला.

मिस्त्रीचं म्हणणं, चाकंच ७०० ची टाका, ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकवले की झालं. ते जमेलही. पण जुन्या पाच गिअरच्या चाकाला मागे १२० मिलिमीटर जागा लागते आणि नव्याला १३०. "पसरवतो की," असं म्हणत त्याने फ्रेमचे मागचे दोन्ही पाय हातात धरले, आणि मी ओरडलो.

पुढचा टायर एका ओळखीच्याने मुंबईहून मिळवून दिला. मागचा अजून यायचाय. दरम्यान काकांचा फोन येतो, ठरलेल्या वेळी.

"आज कुठवर नेली होती?"

"काका, मागचा टायर..."

"उलटी टांगलीत का? उलटी टांगायची नाही. रविवारी सकाळी येतो बघायला. चहा बिनसाखरेचा."

तेवढ्यात काकूंनी फोन हातातून घेतला. "अहो, जिन्याखाली यांची आणखी एक आहे. ती कधी नेताय?"