स्मारक नाणं कशाला म्हणायचं: धुळ्याच्या वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

भाऊ, स्मारक नाण्यांवरच्या, म्हणजे एखाद्या प्रसंगाच्या किंवा व्यक्तीच्या आठवणीसाठी पाडलेल्या नाण्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि तिखटही, म्हणून उत्तर जरा लांबतंय. तुमचे आक्षेप चार. ‘भारतात स्मारक नाणी 1964 पासून’ हे माझं वाक्य चूक. नकाशाचे दोन रुपये यादीतून मी उगाच काढले. गांधीजींचा जो रुपया मी अस्सल म्हटला तो लोहचुंबकाला चिकटतो, म्हणजे नकली. आणि टाकसाळीतून डबीत विकलं जाणारं शंभराचं नाणं कधी कुणाच्या गल्ल्यात पडलं नाही, त्याला नाणं कसलं म्हणायचं?

पहिला आक्षेप मान्य. वाक्यात ‘स्वतंत्र भारताचं’ हे शब्द हवे होते. नेहरूंच्या निधनानंतर 1964 मध्ये निघालेले रुपया आणि पन्नास पैसे ही प्रजासत्ताकाची पहिली स्मारक नाणी. त्याआधीचा दाखला शोधायला खान्देशाबाहेर जायचीही गरज नाही. जानेवारी 1601 मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड अकबराच्या हाती आला आणि खान्देशाच्या फारुकी सुलतानांचं राज्य संपलं. त्यानंतरची सोन्याची मोहर प्रसिद्ध आहे: एका बाजूला ससाणा, दुसऱ्या बाजूला ‘जर्ब असीर’ (असीरला पाडलेलं), महिना इस्फंदारमुज, इलाही सन (अकबराची स्वतःची कालगणना) 45. इस्फंदारमुज हा इलाही वर्षाचा शेवटचा महिना, म्हणजे फेब्रुवारी-मार्च 1601. किल्ला पडला आणि महिना-दीड महिन्यात मोहर पडली. मोहरेवर ‘विजय’ असा शब्द नाही. टाकसाळीचं नाव, महिना आणि नेहमीच्या मोहरांवर नसणारा पक्षी या तिन्हींवरून आपण प्रसंग ओळखतो. याच सुभ्यातले बुऱ्हाणपूर टाकसाळीचे रुपये मात्र रोजच्या व्यवहाराचे. ते कितीही जुने असले तरी स्मारक नाहीत. संस्थानांतही उदाहरणं आहेत. बिकानेरच्या गंगासिंहांच्या राज्यारोहणाला 50 वर्षं झाली तेव्हा, 1937 मध्ये, खास रुपया पाडला होता.

दुसऱ्या आक्षेपावर मी निम्माच मागे हटतो. ‘राष्ट्रीय एकता’ लिहिलेले, नकाशा आणि झेंड्याचे दोन रुपये 1982 मध्ये निघाले तेव्हा स्मारक मालिकेतच होते: गोल, 28 मिमी, 8 ग्रॅम. ते घ्या यादीत. पण तुमच्या बरणीतले जे आहेत ते 1992 ते 2004 चे, अकरा कडांचे, 26 मिमी, 6 ग्रॅम. नकाशा तोच, मजकूर तोच, पण तोवर तो नेहमीचा छाप झाला होता. वर्षानुवर्षं पडत राहिलं ते प्रसंगाचं कसं म्हणायचं? गंमत अशी की याच मापाच्या अकरा कडांच्या नाण्यावर सरदार पटेल (1996) आणि शिवाजी महाराज (1999) आले, आणि ती दोन्ही निःसंशय स्मारक आहेत. आकारावरून काहीच ठरत नाही.

ठरतं कशावरून, तर राजपत्रावरून. अमुक प्रसंगासाठी अमुक मूल्याचं नाणं, असा नियम केंद्र सरकार प्रसिद्ध करतं. त्यात धातूचं प्रमाण, व्यास, वजन, कडेच्या दात्यांची संख्या आणि दोन्ही बाजूंचं वर्णन असतं. प्रसंगाचं नाव त्या नियमात असेल तर स्मारक, नसेल तर नाही. म्हणून गेंडाछाप चाराणे बाद, आणि दोन धातूंच्या दहा रुपयांतले नेहमीचे छापही बाद. वीस पैशांच्या पितळी कमळात तर हमखास फसगत होते. नुसत्या कमळाचं नाणं 1968 ते 1971 चं रोजचं. कमळावर सूर्य आणि ‘सब के लिए अन्न’ असेल तरच ते 1970-71 चं अन्न व कृषी संघटनेच्या निमित्ताचं.

आता लोहचुंबक. तुमची चाचणी बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. 1964 चा नेहरूंचा आणि 1969 चा गांधीजींचा रुपया शुद्ध निकेलचे आहेत, वजन 10 ग्रॅम, व्यास 28 मिमी. निकेल चुंबकाला चिकटतंच. चिकटला नाही तर शंका घ्या. 1985 चे इंदिरा गांधींचे पाच रुपये तांबे-निकेलचे, त्यात 75 टक्के तांबं, म्हणून ते चिकटत नाहीत. आणि पाच रुपयांच्या स्मारक नाण्यांत दांडी यात्रेच्या पंचाहत्तरीच्या वेळेपासून स्टील आलं, ते पुन्हा चिकटतं. चुंबक धातू सांगतो. खरं-खोटं त्या धातूची राजपत्राशी गाठ घातल्यावर कळतं.

गांधीजींच्या चांदीच्या दहा रुपयांना चुंबकाचा उपयोग नाही. ते 15 ग्रॅम, 34 मिमी, 80 टक्के चांदी. जळगावच्या सराफ बाजारात नेलंत तर कसोटीवर घासू देऊ नका, एका ओरखड्यात संग्राहकाची किंमत उतरून मोडीची होते. घरीच पाहा. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्याची क्षमता पाण्याच्या पेल्याचं वजन पेलणारी हवी. पाणी भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. आकडा 1.48 च्या आसपास आला पाहिजे. पितळेवर किंवा जर्मन सिल्व्हरवर मुलामा असेल तर त्याच 15 ग्रॅमला 1.7 च्या वर जातो. बुडबुडा राहिला तर खरं नाणंही नापास होतं, म्हणून तीनदा करा.

‘नाण्यावर 1869 आहे, म्हणजे राणीच्या काळातलं’ अशी जाहिरात तुम्ही पाठवलीत, ती याच नाण्याची. 1869-1948 हे गांधीजींचं आयुष्य आहे, नाणं जन्मशताब्दीचं. नेहरूंचं 1889-1964, इंदिरा गांधींचं 1917-1984, तीच रीत.

चौथ्या आक्षेपावर मी ठाम आहे. 44 मिमी, 35 ग्रॅमचं शंभराचं नाणं (निम्मी चांदी, 40 टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त) राजपत्रातून येतं, त्यावर मूल्य आहे, म्हणून ते नाणं. चलनात फिरलं नाही ही त्याची जात वेगळी, एवढंच. मी ते वेगळ्या रकान्यात लिहितो. याउलट धनत्रयोदशीला सराफ देतात तो लक्ष्मीचा चांदीचा शिक्का कितीही शुद्ध असो, त्यावर ना सरकार ना मूल्य. ते पदक. रामदरबाराचा ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ वाला तांब्याचा तुकडा तर कंपनीने कधी पाडलाच नाही. ‘चुंबकासारखा तांदूळ ओढतो’ असा चमत्कार सांगून त्याचे लाखो रुपये मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वैष्णोदेवीच्या नाण्याचे लाख देतो म्हणणाऱ्यालाही तेच. ते खरं स्मारक आहे, 2012 चं, पण लोकांच्या खिशात फिरलेलं. रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी ‘कर’ किंवा ‘कमिशन’ मागितलं तर ती फसवणूकच. बँकेने 2021 मध्ये तसं जाहीर सांगितलंय.

शेवटी तुम्ही विचारलंत की पाकिटातल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर कशाने आला. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांमुळे. ते पीव्हीसी असतं, आणि जळगाव-भुसावळचा 44-45 अंशांचा उन्हाळा पत्र्याखालच्या माळ्यावर त्यातलं तेल लवकर बाहेर काढतो. शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं काही मिनिटं बुडवा, घासू नका, काढून हवेत वाळवा. खोलीत विस्तव नको, खिडकी उघडी हवी. नेलपॉलिश काढायचं द्रव चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. मग पुठ्ठ्याच्या चौकटीतली मायलरची (पॉलिस्टरच्या पारदर्शक पापुद्र्याची) पाकिटं घ्या आणि स्टेपलच्या पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरखडतात. चांदीजवळ रबरबँड आणि वर्तमानपत्र नको, गंधकाने ती काळी पडते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट यांचा हात नाण्याला लावू नका. काळं पडलेलं नाणं आहे तसं विकत घेतलं जातं, घासून चकचकीत केलेलं मोडीच्या भावाने.