बाई, ती देणगी नाही हे मला मान्य आहे

बाई, नमस्कार.

तुम्ही स्वतःची ओळख ‘सातारा जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका’ एवढीच दिलीत, म्हणून बाई म्हणतो. शाळेपासून तोंडात बसलेला शब्द आहे.

मागच्या महिन्यात मी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, आमच्या विद्यापीठाच्या बूस्टर क्लबबद्दल लिहिलं होतं. बूस्टर क्लब म्हणजे विद्यापीठाच्या खेळांसाठी पैसे उभे करणारं चाहत्यांचं मंडळ. दरवर्षी क्लबला पैसे द्यायचे, त्याचे पॉइंट साठवायचे आणि त्या जोरावर बास्केटबॉलच्या सीझन तिकिटांच्या खुर्च्या वरच्या मजल्यावरून कोर्टाजवळ कशा आणायच्या, हे सगळं तपशीलवार सांगितलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “खुर्ची विकत घेता आणि तिला देणगी म्हणता. ही लाच आहे. पैसे भरून पुढे जाऊन देवदर्शन घेणाऱ्यांत आणि तुमच्यात फरक काय? ज्याला परवडत नाही तो मागे. मी ज्या शाळेत शिकवलं तिचं छत दोन पावसाळे गळतंय, तिथे देणगी म्हणजे काय ते येऊन बघा.”

त्याच रात्री मी एक उत्तर लिहिलं होतं. त्यात नुसता बचाव होता, म्हणून ते ठेवून दिलं. आज तीन आठवड्यांनी लिहितोय.

आधी शब्दाचं बोलू. आमच्या दोन खुर्च्या आहेत. त्या भागात बसायचं तर दर खुर्चीमागे वर्षाला ६०० डॉलर क्लबला द्यावे लागतात. ते दिले की मग तिकिटं विकत घ्यायचा हक्क मिळतो, आणि तिकिटाचे पैसे वेगळे. एक वर्ष ६०० दिले नाहीत तर खुर्ची जाते, रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळते. जी रक्कम थांबवली की वस्तू हातातून जाते, ती त्या वस्तूची किंमत असते. क्लबच्या पावतीवर ‘काँट्रिब्यूशन’ छापलेलं असतं आणि मी इतकी वर्षं त्याचं भाषांतर ‘देणगी’ असं करत आलो. ते चुकीचं होतं.

गंमत म्हणून नाही, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो, की अमेरिकेच्या कायद्यालाही हा शब्द नीट पेलला नव्हता. १९८८ साली इथल्या काँग्रेसने कायदा करून ठरवलं की कॉलेजच्या खेळांच्या तिकिटांचा हक्क मिळवण्यासाठी दिलेल्या पैशांपैकी ८० टक्के दान समजायचे आणि त्यावर प्राप्तिकरात वजावट द्यायची. म्हणजे खुर्चीच्या हक्काची किंमत सरसकट २० टक्के धरायची, मग ती खुर्ची कोर्टाला खेटून असो की छताला. हे जवळजवळ ३० वर्षं चाललं. डिसेंबर २०१७ मध्ये नवा करकायदा आला आणि २०१८ पासून ही वजावट पूर्ण बंद झाली. त्या डिसेंबरात देशभरातल्या क्लबांनी सभासदांना पत्रं पाठवली की पुढचे पैसे ३१ तारखेच्या आत भरून टाका. मीही भरले. खऱ्या देणगीसाठी माणूस अशी तारीख गाठायला धावत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण ‘लाच’ हा शब्द मी घेणार नाही. बूस्टर मंडळींनी लाच दिल्याची उदाहरणं आहेत आणि ती फार वाईट आहेत. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात फुटबॉल खेळाडूंना बूस्टरच्या गुप्त निधीतून पैसे दिले जात होते. ते उघडकीला आल्यावर १९८७ साली त्या संघाचा अख्खा मोसम रद्द केला गेला. तो संघ पुढची वीस वर्षं डोकं वर काढू शकला नाही. मी जे देतो ते उघड दरपत्रकाप्रमाणे देतो आणि त्याबदल्यात उघडपणे खुर्ची घेतो. त्याला लाच म्हटलं तर खऱ्या लाचेला शब्द उरणार नाही.

या प्रकाराची सुरुवात तर पुष्कळशी आपल्या वर्गणीसारखी होती. साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन कॉलेजचा क्लब १९३४ सालचा, ऐन मंदीतला. नावच ‘आयपीटीएवाय’, म्हणजे ‘आय पे टेन अ इयर’, मी वर्षाला दहा देतो. तेव्हा शेतकऱ्याच्या घरी रोख दहा डॉलर निघणं कठीण होतं. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी दूध दिलं, रताळी दिली, असं तिथले लोक अजून सांगतात. सगळ्यांना रक्कम एकच. त्या दहा डॉलरना देणगी म्हणायला माझी जीभ अडखळत नाही. पुढे स्टेडियम मोठी झाली, टीव्ही आला, प्रशिक्षकांचे पगार कोटींत गेले, आणि ‘दहा द्या’चं ‘किती देता त्यावर कुठे बसता’ झालं.

आमच्या पैशांतून काय होतं हेही सांगायला हवं, कारण तुमच्या लिहिण्यात ते सगळं वाया जातं असा सूर आहे. आमच्या क्लबचे बहुतेक पैसे खेळाडूंच्या स्कॉलरशिपला जातात. कॉलेजात कमाई करतात ते फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल. पोहणं, धावणं, कुस्ती, मुलींचं सॉफ्टबॉल यांची तिकीटविक्री खर्चाच्या जवळपासही जात नाही. फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात राहायचं तर विद्यापीठाला किमान १६ खेळ चालवावे लागतात, आणि १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींना डावलता येत नाही. आमच्या ऑफिसात एका उन्हाळ्यात लांब उडी मारणारी एक मुलगी इंटर्न होती. आईवडलांपैकी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. ती उडीवर शिकली आणि इंजिनिअर झाली. तिच्या फीमधला एखादा डॉलर माझा असेल, तर त्याचा मला आनंद आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मात्र हेही बदलतंय. जून २०२५ मध्ये कोर्टाने एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली, आणि आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ या वर्षासाठी दर विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि यातला मोठा वाटा साहजिकच फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. खेळाडूंना पैसे मिळावेत असंच माझं मत आहे. ज्यांच्या घामावर एवढा पसारा उभा आहे त्यांना इतकी वर्षं कोरडं ठेवणं अन्यायाचं होतं. पण मग क्लब आमच्याकडे जास्त मागतात, आणि ते मागणं पगाराची सोय करण्यासाठी असतं. उडी मारणाऱ्या मुलीची गोष्ट सांगून मी यापुढे स्वतःचं समर्थन करू शकेन असं वाटत नाही.

आता देवदर्शनाची तुलना. ती मला झोंबली, आणि आधी मी ती झटकून टाकली. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीचं तिकीट वेगळं आणि खुर्चीचं वेगळं असतं, त्यावर कुणी रागावत नाही. खेळ हाही कार्यक्रमच, जागा मोजक्या, मग पुढच्या जागेला जास्त पैसे पडले तर बिघडलं कुठे? असं माझं म्हणणं होतं. पण आमचं विद्यापीठ राज्याचं आहे. जमीन लोकांची आहे आणि विद्यार्थ्यांच्या फीमध्ये खेळांसाठी वेगळी रक्कम घेतली जाते. जो मुलगा ती रक्कम भरतोच, तो वरच्या कोपऱ्यात आणि मी खाली, म्हटल्यावर तुमची तुलना अगदीच सोडून देता येत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात दोन बास्केटबॉल हॉल आहेत, एकमेकांपासून आठ-दहा मैलांवर. आमच्या संघामागे फिरताना मी दोन्हीकडे पाहुण्यांच्या बाजूला बसलोय. चॅपल हिलचा डीन स्मिथ सेंटर जानेवारी १९८६ मध्ये उघडला. २१ हजारांवर माणसं मावतात. ३ कोटींहून जास्त डॉलर लोकांकडून उभे केले, सरकारी तिजोरीला हात लावला नाही, आणि ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या त्यांना खालच्या चांगल्या खुर्च्यांचे हक्क मिळाले. त्या काळी त्यात कुणाला वावगं दिसलं नसेल. पैसे त्यांचे, हॉल त्यांच्यामुळे उभा राहिला. पण देणारे वयाने मोठे, सुखवस्तू, शांत बसून बघणारे. विद्यार्थी बरेचसे वर गेले आणि हॉलचा आवाज गेला. १९९१ साली फ्लोरिडा स्टेटचा खेळाडू सॅम कॅसेल तिथे जिंकून गेला आणि जाताना म्हणाला की हे तर वाइन-चीझवाले प्रेक्षक आहेत. ते वाक्य चॅपल हिलला तीस वर्षांनंतरही चिकटलेलं आहे. पुढे २००० च्या सुमारास एका बास्केटमागे विद्यार्थ्यांना उभं राहायला जागा करून दिली, तेव्हा कुठे थोडी जान आली.

दुसरा हॉल ड्यूकचा, कॅमेरॉन. १९४० सालचा, दगडी, जुना, जेमतेम ९,३१४ माणसांचा. ड्यूक खाजगी आणि श्रीमंत विद्यापीठ, देणगीदारांना तिथे काय तोटा! पण कोर्टाला लागून असलेल्या लाकडी बाकांवर विद्यार्थी असतात. त्यासाठी ते बाहेर तंबू ठोकून थंडीत कितीतरी रात्री काढतात. मोठ्या रकमा देणारे बरेचसे वर बसतात आणि मुलांच्या डोक्यांवरून खेळ बघतात. खेळ सुरू झाला की तिथली जमीन हादरते, पाहुण्या संघाचा माणूस म्हणून सांगतो, बसवत नाही. देणारे वर आणि मुलं खाली बसली तरी पैसे येतात, हे ड्यूकने दाखवून दिलंय. आमच्याकडे उलटं आहे आणि ते तसंच असायला हवं असं काही नाही.

तुमच्या प्रतिक्रियेने मला जे खरं टोचलं ते पुढेच आहे. आमच्या शेजारच्या दोन खुर्च्यांवर एक वयस्क जोडपं बसायचं. ते इथलेच, १९७० च्या दशकापासून येणारे. आम्हाला पहिल्या वर्षी झोन डिफेन्स म्हणजे काय ते आजोबांनी पेन्सिलीने तिकिटाच्या मागे काढून दाखवलं होतं. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर पॉपकॉर्न खात मोठी झाली. आजोबा गेले, त्यानंतर आजी नातवाला घेऊन यायच्या. मग एका वर्षी रीसीटिंग झालं. म्हणजे सगळ्या खुर्च्या नव्याने वाटायच्या, दर भागाची किमान रक्कम वाढवायची, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याने आधी निवडायचं. आजींना वाढीव रक्कम झेपणारी नव्हती. त्यांना वरच्या मजल्यावर जागा देऊ केली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या पायऱ्या चढवत नाहीत. त्या यायच्या थांबल्या.

त्याच रीसीटिंगमध्ये आम्ही तीन रांगा खाली आलो.

आणि मागच्या लेखात मी काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलंत: “रीसीटिंगच्या वर्षी चांगल्या जागा मोकळ्या होतात, त्या वर्षासाठी पॉइंट साठवून ठेवा.” त्या जागा मोकळ्या कशा होतात, हे मी लिहिलं नव्हतं. तो परिच्छेद मी आज काढून टाकलाय.

यावर विचार करताना मला वाटतं, खोट नुसत्या किमतीत नाही, ती ‘देणगी’ या शब्दातच आहे. क्लब पॉइंट मोजतो आणि त्याला निष्ठा म्हणतो. आम्ही दिलं म्हणून आमची निष्ठा मोठी, आजींनी दिलं नाही म्हणून त्यांची आटली, असं त्या वहीत दिसतं. पन्नास वर्षं येणाऱ्या बाईची! सरळ तिकीट महाग केलं असतं तर निदान सगळ्यांना दिसलं असतं की भाव वाढला आणि एक म्हातारी बाहेर पडली. देणगी म्हटल्यावर तिच्या बाजूने बोलायला जागाच राहत नाही. देणाऱ्याला कोण जाब विचारणार?

शाळेच्या छताबद्दल. मीही गावी काही ना काही देतो, असं सांगून तुमचं तोंड बंद करायला मी हे लिहीत नाहीये. त्या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत असं मात्र मला वाटतं. बास्केटबॉलचे पैसे आमच्या घरच्या हिशेबात आता ‘करमणूक’ या खात्यात लिहिलेत, नाटक-सिनेमा-हॉटेलच्या ओळीत. तसे लिहिल्यावर देणगीच्या खात्यात त्या वर्षी किती कमी उरलं, हे मी आणि बायकोने पहिल्यांदा पाहिलं. छताच्या कामाचं अंदाजपत्रक झालं असेल तर ते मला पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर परदेशातून पैसे घेताना परवानगीची अडचण येते, त्यामुळे सांगलीत राहणाऱ्या माझ्या भावाशी तुमची गाठ घालून देतो. तो त्याच्या स्वतःच्या मिळकतीतून देईल, आणि तो आणि आम्ही आपसात कसं करायचं ते बघू, पण त्याबद्दल इथे पुन्हा लिहिणार नाही.

खुर्च्या मात्र मी सोडलेल्या नाहीत, आणि सोडेन असं खोटं सांगणार नाही. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, तोवर त्या शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी आमच्या आहेत. पण मागच्या आठवड्यात आमच्या रांगेतल्या अकरा जणांनी मिळून क्लबला पत्र दिलं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ तिकिटं घेणाऱ्या, सत्तरी उलटलेल्या माणसांना जुन्याच रकमेत जुनीच जागा ठेवू द्यावी, आणि कोर्टाच्या एका अख्ख्या बाजूच्या पहिल्या सहा रांगा विद्यार्थ्यांना द्याव्यात, असं त्यात आहे. त्या सहा रांगांमध्ये आमच्या खुर्च्या येतात, हे आम्ही पत्रात लिहिलंय. आजींना फोन करून सांगितलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, आपल्या संघाचा यंदाचा पॉइंट गार्ड कसा आहे.

पत्राला अजून उत्तर नाही. आलं की याच प्रतिक्रियेखाली कळवतो.