फुलं आल्यावर पाणी तोडू नका, खुलासा

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय की टोमॅटो-मिरचीला फुलं लागली की शेवटपर्यंत पाणी तोडा, झाड घाबरतं आणि जास्त फळ धरतं. कृपया असं करू नका!! ताण देणं, म्हणजे मुद्दाम काही दिवस पाणी तोडणं, ही खरी पद्धत आहे, पण ती डाळिंब-संत्र्यासारख्या बागेत बहार धरायला, म्हणजे फुलं येण्याच्या आधी, आणि तिथे मुळं जमिनीत खोल असतात. घोडबंदरला खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या दहा इंची कुंडीतली माती एका दुपारच्या उन्हात कोरडी पडते, मग फुलं देठाशी पिवळी होऊन गळतात आणि लोक कीड समजून औषध मारत बसतात.

टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही बऱ्याचदा ह्यामुळेच, कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं ना, पाणी कधी आहे कधी नाही असं झालं की मातीत असूनही पोचत नाही.

बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर कुंडीच्या खालून निथळेपर्यंत पाणी द्या, ओलं असेल तर राहू द्या. फळं पिकायला लागली की थोडं कमी चालतं, बंद नाही. आणि प्लेटमधलं साचलेलं पाणी ओतून टाका प्लीज, त्यात डास होतात.