माझा भाऊ 18 व्या वर्षी रिटायर झाला

खरंच झाला. शाळेने शाल दिली, नारळ दिला, हॉलभर टाळ्या पडल्या. फोटोत तो तोंडभर हसतोय, अप्पाही हसतायत. माय तेवढी दुसरीकडे बघतेय. तिला तेव्हाच कळलं होतं.

बौद्धिक दिव्यांग मुलांची निवासी शाळा होती ती. वयाची अट 18. वर्ष भरलं की पटावरून नाव कमी. शाळेला मी बोल लावणार नाही. शर्टाची बटणं लावणं, ताट घासणं, दहाची नोट कुठली आणि पन्नासची कुठली, एसटीत खिडकीपाशी गुपचूप बसून राहणं, हे सगळं त्याला त्या बायांनीच शिकवलं. आम्हाला घरी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून, अंघोळ करून, युनिफॉर्म घालून गडी दप्तर मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. माय म्हणाली, "आज सुट्टी शे." तिसऱ्या दिवशीही सुट्टी. पुढच्या सोमवारी पण सुट्टी. पोळ्यापर्यंत हे चाललं, मग शर्टाची बटणंच लागेनात, इतका तो सुटला होता. दोन वर्षांनी एकदा दुकानात पाठवला तर पन्नासची नोट देऊन चिल्लर न घेता आला. बारा वर्षांत शिकलेलं दोन वर्षांत ओट्यावर बसून गेलं.

लोक विचारतात, सरकार काही करत नाही का? करतं ना. तेच तर सांगायचंय. करणारे भरपूर आहेत, पण एकाचं काम दुसऱ्याला माहीत नाही.

आमच्या घरी एक साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी आहे. बंद तुटला म्हणून मायने त्याला सुतळी बांधलीय. त्यात भावाचं अख्खं आयुष्य आहे: जन्माचा दाखला, आधार, दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आणि पासपोर्ट साइज फोटोंची पाकिटं, ज्यातले निम्मे आता जुने दिसतात म्हणून चालत नाहीत. जिल्ह्यात दिव्यांगांसाठी जेवढी खाती आहेत, त्या सगळ्यांची गाठ फक्त या पिशवीत पडते. आणि ती पिशवी सातवी शिकलेल्या एका बाईच्या काखेत असते.

18 पूर्ण झाल्यावर काय काय झालं ते ऐका. बँकेतलं खातं अज्ञान मुलाचं होतं, ते गोठलं. साहेब म्हणाले, आता मुलगा सज्ञान, सही त्याची लागेल. त्याला सही येत नाही. मग अंगठा? साहेब म्हणाले, त्याला व्यवहार कळतो असं कोण लिहून देणार? प्रमाणपत्र लहानपणीचं, तात्पुरतं होतं, ते पुन्हा काढायचं. त्यासाठी तपासणीचा ठरलेला वार, त्या वारी डॉक्टर रजेवर. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या मदतीला तहसीलमध्ये नव्या प्रमाणपत्राची प्रत हवी. आयटीआयला गेलो तर खिडकीतल्या पोराने मार्कशीट मागितली. विशेष शाळेच्या दाखल्यावर यत्ता कुठून येणार? मायच्या हिशेबाने त्या एका वर्षात 23 खेपा झाल्या. (भावाला एसटीत 75 टक्के सवलत, मायला बाई म्हणून अर्धं तिकीट. गाडीभाडं त्यातल्या त्यात वाचलं. रोज बुडाला त्याची सवलत कुठे मिळते?)

एकही माणूस आमच्याशी वाईट बोलला नाही, हे मुद्दाम सांगते. एका बाबूने तर मायला चहा पाजला. पण प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर, "ते आमच्याकडे नाही येत."

बँकेचं कोडं सुटायला आठ महिने लागले, आणि उत्तर कायद्यात 1999 पासून लिहून ठेवलेलं होतं. राष्ट्रीय न्यास कायदा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता, या चार प्रकारांत मूल 18 चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. मग जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते आणि बँकांनी ते मान्य करायचं असतं. हे शाळेने सांगितलं नाही, दवाखान्याने नाही, बँकेने तर नाहीच. मला सांगितलं भुसावळच्या गाडीत समोर बसलेल्या एका बाईंनी. त्यांची मुलगी 26 ची आहे.

इथे थोडं विषयांतर. प्रमाणपत्र हातात आल्यावर अप्पा म्हणाले, "चला, आता त्याचं सगळं आपल्या हातात." मला ते खटकलं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाची भाषा करतो, म्हणजे त्याच्याऐवजी नाही, त्याच्यासोबत बसून निर्णय घ्यायचा. भावाला व्याजदर कळत नाही, कबूल. पण कुठला शर्ट घ्यायचा, लग्नाला जायचं की नाही, कोणाच्या शेजारी बसायचं नाही, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. यावरून आमचं घरात अजून वाजतं.

अमेरिकेत शाळेलाच कायद्याने बांधलंय. दिव्यांग विद्यार्थी 16 वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शिक्षणाच्या आराखड्यात शाळेनंतर काय, हे लिहिलेलं असावंच लागतं: पुढचं शिक्षण, काम आणि गरज असेल तर स्वतंत्र राहणं. त्या बैठकीला मुलालाही बोलवायचं, आणि पुढे ज्या खात्याकडे तो जाणार त्या खात्याच्या माणसालाही. तिथे सगळं सुरळीत आहे असं नाही, शाळा संपली की पोरं तिथेही अधांतरी लटकतात. पण निदान 16 व्या वर्षी कोणीतरी प्रश्न विचारतो. आपल्याकडे तो प्रश्न नारळ हातात पडल्यावर पडतो.

आणि आपल्याला नवं काही उभारायचंही नाही, म्हणून जास्त राग येतो. 2016 च्या कायद्यात जिल्हास्तरीय समिती सांगितलेली आहे. स्थानिक स्तर समिती आहेच. शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक आहेत. दरवर्षी यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात, प्रत्येक शाळेतल्या दिव्यांग मुलाची नोंद जाते, प्रकारासकट. म्हणजे पुढच्या तीन वर्षांत कोणत्या तालुक्यातली किती मुलं 18 ची होणार, हे सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये आज आहे. ती यादी शिक्षण खात्याच्या कपाटात आणि यूडीआयडीची यादी दुसऱ्या खात्याच्या कपाटात. दोन्ही याद्या एका टेबलावर ठेवायला किती खर्च येतो?

मला एवढंच पाहिजे: मूल 15 चं झालं की तालुक्याला एक बैठक. विशेष शिक्षक, सरकारी दवाखान्याचा माणूस, तहसीलचा, समाज कल्याणचा, आयटीआयचा, लीड बँकेचा (जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणारी बँक), आणि आजूबाजूच्या कारखान्यातला एखादा तरी मालक. मूल आणि मायबाप तर हवेतच. 15 च का? तसंही तेव्हा आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यायला जावंच लागतं. त्याच फेरीत प्रमाणपत्राची तारीख, पालकत्वाचा अर्ज, पोराला काय आवडतं, सगळं एका फाइलीत लागलं पाहिजे. आणि त्या फाइलीवर एका माणसाचं नाव, मोबाइल नंबरसकट.

नंदुरबारकडचं चित्र आणखी वेगळं. माझी मैत्रीण तिकडे सातपुड्यात नर्स आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार 2016 च्या कायद्याने 21 दिव्यांगतांच्या यादीत आला. पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण मिळतं, तेही प्रमाणपत्र निदान 40 टक्क्यांचं असेल तर. ती म्हणते, शाळेत असेपर्यंत पोरगा आमच्या नजरेत असतो, गोळ्या घेतो. शाळा सुटली की ऊसतोडीला गुजरातमध्ये. ऊन, पाणी कमी, अंगमेहनत, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याला बोलावणंच. दवाखाना दुखणं बघतो, रोजगारवाले पोट भरणं बघतात, दोघांची भेट नाही. त्या पोराला सावलीतलं काम शोधून देणं हेच तिथलं औषध आहे, आणि ते कुठल्याच आरोग्य केंद्राच्या कपाटात नसतं.

आता कोणीतरी म्हणेल, जळगावात दीपस्तंभ संस्थेचं मनोबल केंद्र आहे, तिथे दिव्यांग मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, अधिकारी होतात. होतात, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण माझा भाऊ अधिकारी होणार नाही. त्या 4 टक्क्यांतला 1 टक्का बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, मानसिक आजारी अशा सगळ्यांत मिळून आहे, आणि त्यासाठीही परीक्षा द्यावी लागते. यशोगाथा वाचून टाळ्या वाजवणाऱ्या गावाला ओट्यावरचा पोरगा दिसत नाही. त्याच गावाने ग्रामपंचायतीच्या 5 टक्के दिव्यांग निधीतून आम्हाला काय दिलं? 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, एक मिक्सर. माय अजून पाट्यावर चटणी वाटते.

काम शेवटी मिळालं, ते कुठल्याच योजनेतून नाही. शेजारच्या गावात मामांच्या ओळखीच्या माणसाचं केळीचे वेफर्स करायचं छोटं युनिट आहे. मालक म्हणाले, पाकीट भरायला घेतो, पण याला वजन कळत नाही. तेव्हा गटसाधन केंद्रातल्या एक विशेष शिक्षिका, स्वतः कंत्राटावर, रविवारी स्वतःच्या पेट्रोलने तिथे आल्या. काट्याच्या तबकडीवर 100 ग्रॅमच्या रेघेला त्यांनी लाल चिकटपट्टी लावली. "सुई लाल वर गई का थांब," एवढंच शिकवलं. तीन दिवसांत त्याला जमलं. महिनाभराने मालक म्हणाले, याचं पाकीट ना कमी भरतं ना जास्त. बाकीचे बोलत बोलत भरतात, हा फक्त सुईकडे बघतो.

चिकटपट्टीची किंमत पाच रुपये असेल. बाई, मालक आणि मामा एका ठिकाणी जमायला मात्र दोन वर्षं गेली.

संजय गांधीचे 1500 चे 2500 झाले, त्याचा आनंद आहे, नाही कशाला म्हणू. पण दिवसाचे दोनशे रुपये खिशात घालून तो एसटीतून उतरायचा तेव्हा त्याची चाल वेगळी असायची. पन्नासची नोट पुन्हा ओळखायला लागला होता.

असायची म्हणते, कारण गेल्या महिन्यात केळीचे भाव चढले आणि मालकांनी युनिट बंद ठेवलंय. परवडत नाही म्हणतात, खोटं नाही ते. पुन्हा कधी सुरू होईल माहीत नाही. माय रात्री अजून तेच विचारते, "मन्हामांगे याले कोन दखी?" माझ्यामागे याला कोण बघेल?

आज सकाळी सहाला उठून त्याने वेफर्सच्या कामावरची जाळीची टोपी घातली आणि ओट्यावर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "माले कामवर जानं शे."