वर्क ऑर्डर निघाली, पुढे काय?

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात एका तरुणाने आत्महत्या केली. जलजीवन मिशनची कामं केली, बिलं थकली, असं घरच्यांचं म्हणणं होतं. इथे अमेरिकेत, ऑस्टिनमध्ये मी ती बातमी वाचली आणि पाठोपाठ सरकारचं उत्तरही वाचलं: त्याच्या नावावर कंत्राटच नाही, तो उपकंत्राटदार, म्हणजे मुख्य कंत्राटदाराकडून काम घेणारा, असेल. ते उत्तर अजून मनातून जात नाही. काम करणारा माणूस सरकारी कागदावर कुठेच नव्हता.

मी ज्या कंपनीत आहे ती टेक्सास राज्य सरकारची कामं घेते. इथला नियम सरळ आहे. खात्याने बिलाचे पैसे ३० दिवसांत द्यायचे, ३१व्या दिवसापासून व्याज चढतं आणि ते मागायला अर्ज करावा लागत नाही. मुख्य कंत्राटदाराच्या हातात पैसे पडले की १० दिवसांत उपकंत्राटदाराचा वाटा चुकता करायचा.

हे राज्य काही धुतल्या तांदळासारखं नाही. आरोग्य खात्याने एका सॉफ्टवेअर कंपनीला निविदेशिवाय सुमारे २ कोटी डॉलरचं काम दिलं होतं, ते २०१४ च्या अखेरीस चव्हाट्यावर आलं. त्यातून २०१५ चा कायदा झाला. आता २५,००० डॉलरवरचं काम संपलं की खात्याला पुरवठादाराच्या कामगिरीचा अहवाल द्यावाच लागतो. त्यावरून ए ते एफ श्रेणी ठरते आणि पुढचं कंत्राट देणारा ती बघतो. आमच्या कार्यालयात एखादा टप्पा लांबला की पहिली धास्ती या श्रेणीचीच असते.

आपल्याकडे सगळा आरडाओरडा निविदा उघडेपर्यंत. कोणाला मिळालं, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी (बिलो) भरलं, टक्केवारी कुठे गेली. वर्क ऑर्डर, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, निघाली की सगळे गप्प. आणि कधीकधी तर तीच वेळेवर निघत नाही. १५ जून २०२५ ला पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण गेले, तेव्हा नव्या पुलाला मंजुरी होती, काम मात्र सुरू झालेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. रस्त्याच्या तोंडाशी फलक उभा होता: कंत्राटदाराचं नाव, रक्कम, दोष दायित्व कालावधी ५ वर्षे, म्हणजे तोवर बिघडलं तर दुरुस्ती कंत्राटदाराने करायची. दुसऱ्याच पावसाळ्यात खडी वर आलेली. भावाने उपअभियंत्यांना फोन केला, तर 'कंत्राटदाराचंच मागचं बिल अडकलंय, त्याला काय बोलणार?' मला राग आला, पण साहेब खोटं बोलत नव्हते. ज्याचे पैसे आपण थकवले, त्याच्याकडून दुरुस्ती कोणत्या तोंडाने मागायची?

म्हणून टेक्सासचा व्याजाचा नियम तसाच उचलून आणा असं मी म्हणणार नाही. बजेटात तरतूद नसताना कामं मंजूर होत राहिली, तर व्याजही थकीत बिलांतच जमा होईल. आधी तरतुदीपुरतीच मंजुरी. मग मेजरमेंट बुकातल्या, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीतल्या, नोंदी लोकांना बघता याव्यात, उपकंत्राटदाराची नोंद सक्तीची व्हावी, आणि जुन्या कामाचा दर्जा पुढच्या निविदेत मोजला जावा.

गावच्या त्या फलकावर खाली भरपूर जागा आहे. तिथे आणखी दोन ओळी हव्यात: काम प्रत्यक्ष कोणी केलं, आणि त्याला शेवटचा पैसा कोणत्या तारखेला मिळाला.