"बसा खाली" हा निर्णय नव्हे, अध्यक्षसाहेब

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणी हरकतीचा मुद्दा काढला की अध्यक्षांचं ठरलेलं उत्तर: "नंतर बघू, बसा खाली." नंतर म्हणजे कधी? सामोसे वाटून झाल्यावर? ठराव मंजूर करून मग हरकत ऐकायची, म्हणजे वरातीमागून घोडं!

अहो, हरकत आली की चर्चा तिथल्या तिथे थांबवायची. कुठला नियम मोडला ते बोलणाऱ्याला मिनिटभर सांगू द्यायचं. उपविधीचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक उघडायचं (ते टेबलावर कधीच नसतं, ऑफिसच्या कपाटात असतं आणि किल्ली खजिनदारांच्या घरी). मग हरकत मान्य की अमान्य, कारणासकट सांगायचं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचं. झालं. अध्यक्षांनी ओरडायचं कशाला? विषय आवडला की नाही, हे तर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

गणपूर्तीचंच, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचंच घ्या. आदर्श (म्हणजे नमुना) उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतला कमी आकडा. म्हणजे 24 सभासद असतील तर 16, 90 असतील तर 20. अर्धा तास थांबून तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. पण ती त्याच संध्याकाळी पुन्हा भरवायची तर तसं मूळ नोटिशीतच छापलेलं हवं. इथे अध्यक्ष डोकी मोजतच नाहीत, रजिस्टरातल्या सह्या मोजतात. सही ठोकून मॅच बघायला गेलेलेही हजर!

मतदानाची तर बातच सोडा. सहा हात विरोधात वर असताना "सर्वानुमते मंजूर"? हात मोजा, बाजूने किती, विरोधात किती, लिहा. आणि ते निर्णायक मत! सहकार कायद्याप्रमाणे ते समसमान मतं पडली तरच वापरायचं. आमचे अध्यक्षलोक मोजणीच्या आधीच "माझं निर्णायक मत होकाराचं" म्हणून मोकळे होतात, आणि मागची रांग टाळ्या वाजवते.

मागच्या सभेचा ठराव फिरवायचा असेल तर मधे सहा महिने जावे लागतात. हे दाखवलं तर म्हणे, "तांत्रिक मुद्दे नकोत." मग काय हवंय, भजन? उद्या हाच ठराव सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात गेला की वकिलाची फी सोसायटीच्याच खात्यातून जाणार. तिथेही हातात तेच इतिवृत्त: "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." हरकतीचा एक शब्द नाही.